घाट चढणारी शिट्टी

पणजीहून बेळगावला चोर्ला घाटाने रात्री येताना साखळी मागे पडली, की मोबाइलची रेंज जायला लागते, रेडिओ खरखरतो, आणि मग गाडीत जे काही भरून घेतलेलं असेल त्यावरच जांबोटीपर्यंत निभवायचं असतं. दिवाळीनंतर एका रात्री आम्ही तिघं असे येत होतो. ताई, तिचा मुलगा आणि मी. भाच्याने महिनाभर खपून भावोजींच्या जुन्या हॅचबॅकमध्ये स्वतःच्या हाताने साउंड सिस्टिम बसवली होती. पुढे नवीन स्टिरिओ, चार दरवाजांत चार स्पीकर, डिकीत चार चॅनेलचा अँप्लिफायर. मेकॅनिकला एक रुपया दिला नाही, हे त्याने पणजीपर्यंत तीनदा सांगून झालं होतं.

घाट सुरू झाला तसा त्याने भीमसेन जोशींचा एक अभंग लावला. आलाप संथ, तबला अजून यायचा होता, आणि त्या शांततेत मागून एक बारीक शिट्टी ऐकू आली. गाडी दुसऱ्या गिअरला घेतली की शिट्टी वर चढायची, तिसऱ्यात टाकली की खाली यायची. गाडीबरोबर शिट्टीही घाट चढत होती.

"अरे, मागं कुकर ठेवलायस काय?" ताईनं विचारलं.

"फिल्टर मागवलाय मम्मी. परवा येईल. मग बंद होतंय बघ," भाचा म्हणाला आणि आवाज वाढवला. आवाज वाढवला तरी शिट्टी होती तेवढीच राहिली. ही गोष्ट मी मनात टिपून ठेवली. तिच्याकडे पुढे येतो.

फिल्टर आला. काडेपेटीपेक्षा थोडी मोठी काळी डबी, दोन्ही बाजूंना आरसीएच्या पिना. ती स्टिरिओ आणि अँपच्या मध्ये जोडल्यावर शिट्टी बरीच दबली, पण त्याबरोबर तबल्यातला डग्गाही गेला. रविवारी सकाळी भाचा टिळकवाडीत आमच्या दारात हजर. "मामा, शिट्टी गेली, पण बेस पण गेला की. काय करायचं?" मी म्हटलं, आधी ती डबी काढ. शिट्टी परत येऊ दे. ती असल्याशिवाय ती कुठून येते ते कळणार कसं?

हे सदर वाचणाऱ्यांपैकी निदान चार-पाच जणांच्या गाडीत ही शिट्टी असणार, याची मला खात्री आहे. म्हणून त्या रविवारी काय केलं ते सविस्तर लिहितो.

आधी शिट्टी म्हणजे काय ते बघू. गाडी सुरू असताना बॅटरी चार्ज करण्याचं काम अल्टरनेटर करतो. इंजिनच्या पट्ट्यावर तो फिरतो आणि आतल्या आत एसी वीज तयार करतो, तीही तीन फेजची. मग सहा डायोड तिची डीसी करतात. पण ही डीसी ताटात सारवल्यासारखी सपाट नसते. तिच्यावर बारीक लाटा उरतात. नेहमीच्या गाडीच्या अल्टरनेटरमध्ये बारा चुंबकीय ध्रुव असतात, म्हणजे एका फेरीत एसीच्या सहा लाटा. तीन फेज आणि सहा डायोड यांमुळे प्रत्येक लाटेमागे सहा उंचवटे. सहा सक छत्तीस. म्हणजे अल्टरनेटरच्या एका फेरीत ३६ उंचवटे.

आता गणित करा. आयडलला इंजिन मिनिटाला ८०० फेऱ्या मारतं. अल्टरनेटरची पुली लहान असते, म्हणून तो साधारण अडीचपट वेगाने फिरतो असं धरलं तर मिनिटाला २००० फेऱ्या, सेकंदाला ३३. त्याला ३६ने गुणा, सुमारे १२०० हर्ट्झ. चढावर इंजिन ३००० वर गेलं की हाच हिशेब ४५०० हर्ट्झवर जातो. माणसाचा कान सगळ्यात तिखट असतो तो २००० ते ५००० हर्ट्झच्या पट्ट्यात. लहान मुलाचं रडणं आपल्याला सहन होत नाही ते याच पट्ट्यामुळे. म्हणजे अल्टरनेटर नेमका आपल्या कानाच्या नाजूक जागेवर गातो. त्यामुळे अगदी थोडी गळती झाली तरी ती ऐकू येते.

या लाटा प्रत्येक गाडीत असतात, तुमच्या शेजाऱ्याच्या महागड्या गाडीतही. त्यामुळे "अल्टरनेटर खराब आहे" हा पहिला निष्कर्ष बहुतेक वेळा चुकतो. लाटा असणारच. त्या स्पीकरपर्यंत कुठल्या वाटेने पोचतात, तेवढंच शोधायचं असतं.

वाट शोधायला सुरुवातीला काही उघडावं लागत नाही, कान पुरतात. चावी पहिल्या टप्प्यावर ठेवून, इंजिन बंद असताना ऐका. तेव्हाच "स्स्स" असा सारखा आवाज येत असेल तर तो अँपचा किंवा त्याच्या गेनचा आहे, अल्टरनेटरचा नाही. इंजिन सुरू केल्यावर शिट्टी येते आणि रेस दिल्यावर चढते, तर अल्टरनेटरची. शिट्टीऐवजी टक-टक-टक येऊन रेसबरोबर वेग वाढत असेल, तर इग्निशनची, म्हणजे प्लग, कॉइल, जुन्या गाडीत प्लगच्या वायरी. रेस दिली तरी सूर बदलत नाही असा आवाज असेल तर पेट्रोलचा पंप, ब्लोअरची मोटर, नाहीतर मोबाइलचा चार्जर. चार्जर तर आधीच काढून ठेवा. तो १२ व्होल्टचे ५ व्होल्ट करताना सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद होतो. डॅशकॅम लावल्यापासून एफएम नीट लागत नाही, अशी तक्रार ज्यांची आहे त्यांनी त्याची पिन उपसून बघावी. उत्तर बहुधा तिथेच मिळतं.

(इंजिन चालू ठेवून हे सगळं करायचं ते मोकळ्या जागेत. बंद गॅरेजात नाही, शटर अर्धं उघडं ठेवूनही नाही. गाडीच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.)

मग आवाजाची खुंटी. घाटात भाच्याने आवाज वाढवला तरी शिट्टी तेवढीच राहिली होती. याचा अर्थ ती खुंटीच्या पुढे कुठेतरी आत शिरते. स्टिरिओतून बाहेर पडल्यानंतर, केबलमध्ये किंवा अँपपाशी. आवाजाबरोबर शिट्टीही कमी-जास्त झाली असती तर ती स्टिरिओच्या आधीची, म्हणजे फोनची, पेन ड्राइव्हची नाहीतर अँटेनाची ठरली असती. खुंटी फिरवायला पैसे लागत नाहीत, आणि तिच्यामुळे अर्धी गाडी तपासातून वगळली जाते.

उरलेली अर्धी गाडी आम्ही परत अर्धी केली. सिस्टिम बंद करून अँपच्या आरसीए वायरी काढल्या आणि त्या जागी दोन शॉर्टिंग पिना घातल्या. जुन्या आरसीए पिनेत मधला खिळा आणि बाहेरचं कडं एका तारेने जोडलं की झाली शॉर्टिंग पिन. ही फक्त अँपच्या इनपुटला लावायची, स्टिरिओच्या आउटपुटला किंवा स्पीकरच्या वायरीला चुकूनही नाही. गाडी सुरू केली. शांत. रेस दिली. शांत. म्हणजे अँप स्वतः ठीक आहे, स्पीकरच्या वायरी ठीक आहेत, शिट्टी आरसीएच्या तोंडातून आत येते.

मग माझा फोन चार्जरशिवाय, एका छोट्या केबलने, डिकीत बसूनच सरळ अँपला जोडला. गाणं लावलं, रेस दिली, शिट्टी नाही. फोन गाडीच्या कुठल्याच भागाशी जोडलेला नव्हता, त्याची बॅटरी त्याची स्वतःची. तिसऱ्यांदा, माझ्याकडची एक सुटी आरसीए केबल सीटांच्या वरून, सगळ्या वायरींपासून लांब, स्टिरिओपासून अँपपर्यंत नुसती टाकली. शिट्टी परत आली. थोडी कमी, पण आली.

"म्हणजे केबल नवीन, रस्ता नवीन, तरी आवाज यायलाय," भाचा म्हणाला. "मग स्टिरिओ गेलाय काय?"

गेला नव्हता. इथे अर्थचा विषय येतो, आणि तो नीट समजून घेण्यासारखा आहे, कारण निम्मे लोक इथेच चुकतात.

गाडीत वीज नेण्यासाठी वायर असते आणि परत आणण्यासाठी गाडीचा पत्रा. स्टिरिओची अर्थ डॅशबोर्डमागे पत्र्याला, अँपची अर्थ डिकीत पत्र्याला. कागदावर दोन्ही एकच. प्रत्यक्षात, दोन घरं आहेत आणि प्रत्येकाचं जोतं वेगळं आहे असं समजा. स्टिरिओ गाण्याची उंची आपल्या जोत्यापासून मोजून पाठवतो, अँप ती आपल्या जोत्यापासून मोजून घेतो. दोन्ही जोती स्थिर असतील तर काहीच बिघडत नाही. पण अँपचं जोतं अल्टरनेटरच्या तालावर वर-खाली हलत असेल, तर ते हलणंही अँपला गाणंच वाटतं. त्यात आरसीए केबलच्या बाहेरच्या जाळीने दोन्ही जोती आपसात जोडलेली असतात, म्हणजे पत्र्याची एक वाट आणि जाळीची दुसरी, असा पूर्ण वेढा तयार होतो. पत्र्याच्या वाटेत कुठे अडथळा असला की परतीची थोडी वीज त्या नाजूक जाळीतून धावते आणि शिट्टी गाण्यात मिसळते. यालाच ग्राउंड लूप म्हणतात.

स्टिरिओच्या आरसीएतून मोठ्यात मोठं गाणं २ व्होल्टचं, काही महागड्यांतून ४ व्होल्टचं जातं. आलापाच्या शांत जागी ते काही मिलिव्होल्टच असतं. तिथे १० मिलिव्होल्टची शिट्टी घुसली तर ती गाण्याच्या बरोबरीने बसते. तबला, हार्मोनियम सगळं सुरू झाल्यावर ती ऐकू येत नाही, म्हणून दुकानात ढोल-ताशा लावून दाखवतात तेव्हा प्रत्येक सिस्टिम चांगली वाटते. तपासायची असेल तर संथ काहीतरी लावा, किंवा काहीच लावू नका.

भाचा म्हणाला, "अर्थ चेक केली की मी. मीटरला बीप येतंय. ०.३ ओहम दाखवतंय."

आता गंमत बघा. मल्टिमीटरच्या स्वतःच्या दोन वायरींनाच ०.२ ते ०.५ ओहम लागतात. आपण शोधतोय तो दोष ०.०३ ओहमचा. साखरेच्या कारखान्यातल्या वजनकाट्यावर मंगळसूत्र तोलण्यासारखं ते झालं. बीप वाजते याचा अर्थ वायर तुटलेली नाही, इतकाच. अर्थ चांगली आहे की नाही हे तिच्यातून भरपूर वीज वाहत असताना व्होल्ट मोजूनच कळतं.

आम्ही मीटर डीसी व्होल्टवर ठेवला. एक टोक लांब वायरीने बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं अँपच्या अर्थच्या स्क्रूला. इंजिन चालू, बेस भरपूर असलेलं गाणं मोठ्याने. हा आकडा ०.१ व्होल्टच्या आत असायला हवा. आला ०.६. बेसच्या ठोक्याबरोबर तो नाचतही होता. २० अँपिअरच्या आसपास वीज वाहत असेल तर ०.६ व्होल्ट म्हणजे तोच ०.०३ ओहम. मग दुसरं टोक एकेक पाऊल सरकवलं. अँपचा स्क्रू, वायरीचा थिंबल, बोल्टचं डोकं, बोल्टशेजारचा खरवडलेला पत्रा. थिंबल आणि पत्रा यांच्यामध्येच जवळजवळ सगळे व्होल्ट अडकले होते.

अर्थ कुठे घेतली होती? मागच्या सीटबेल्टच्या बोल्टला, रंगावरच. रंग विजेला आडवा येतो, शिवाय अशा बोल्टच्या आट्यांना बहुतेक वेळा घट्ट राहण्यासाठी डिंकासारखं काहीतरी लावलेलं असतं. पण खरा मुद्दा तो नाही. सीटबेल्टचा बोल्ट हा माणसाला धरून ठेवायला असतो. त्याच्याखाली थिंबल, वॉशर, काहीही घालायचं नाही, आणि एकदा सैल केला तर कंपनीने सांगितलेल्या जोराने परत आवळून घ्यायचा. भाच्याने तो त्याच आठवड्यात वर्कशॉपमध्ये टॉर्क पान्याने आवळून घेतला.

नवीन अर्थसाठी आम्ही डिकीच्या बाजूच्या भिंतीवर कारखान्यातूनच बसवलेला एक मोकळा नट निवडला. मागच्या सीटखाली भोक पाडायचा मोह टाळा, बहुतेक छोट्या गाड्यांत तिथे खाली पेट्रोलची टाकी असते. नटाभोवतीचा रंग पॉलिश पेपरने घासून पांढरा पत्रा दिसेपर्यंत काढला. थिंबल उद्यमबागेतल्या ओळखीच्या वर्कशॉपमधून हायड्रॉलिक प्रेसवर दाबून आणला, पकडीने चेपलेला नाही. दात्यांचा वॉशर घालून आवळला आणि वरून ग्रीस फासलं. गोव्याच्या खाऱ्या हवेत जाणारी गाडी आहे, उघडा पत्रा सहा महिन्यांत गंजतो आणि शिट्टी पुन्हा तिच्या वेळेला हजर होते.

मीटर: ०.०५. गाडी सुरू, स्टिरिओ सुरू, रेस. शिट्टी जवळजवळ गेली. कान स्पीकरला लावला तर अजून बारीक ऐकू येत होती.

इथे थांबलो असतो तरी चाललं असतं. भाचा तर थांबायलाच निघाला होता, दीड वाजला होता आणि ताईचा दोनदा फोन येऊन गेला होता. पण मूळच्या जोडणीत आरसीए केबल आणि अँपची पॉवर वायर दोन्ही डाव्या दरवाजांखालून, एकाच प्लॅस्टिकच्या पट्टीखालून, दोन मीटरभर गळ्यात गळे घालून गेल्या होत्या. पॉवर वायरीतून वीज उसळते तेव्हा शेजारच्या केबलमध्ये तिचं पाणी थोडं झिरपतंच. म्हणून एकीला उजवीकडून न्यायचं ठरलं. बॅटरी डावीकडे होती म्हणून आरसीए उजवीकडे. ती काढायची तर दोघींना बांधलेल्या पट्ट्या कापायच्या, आणि त्या कापल्यावर पॉवर वायर सैल झाली. मी ती सहज बोनेटच्या बाजूने ओढली.

इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याला भाच्याने ड्रिलने एक भोक पाडून वायर आत घेतली होती. भोकाला रबरी बुश नव्हता. ओढलेली वायर हातात आली तेव्हा तिच्या लाल आवरणावर पत्र्याच्या धारेने पाडलेली खाच होती, अर्धा इंच लांब, आणि खाचेच्या तळाशी तार चमकत होती.

भाचा म्हणाला, "पण फ्यूज आहे की मामा. ४०चा घातलाय."

होता. डिकीत, अँपच्या शेजारी. बॅटरीजवळ जागा अडचणीची म्हणून.

फ्यूज वायरीचं रक्षण करतो ते त्याच्या पुढच्या वायरीचं. बॅटरीपासून डिकीतल्या फ्यूजपर्यंतची चार मीटर वायर पूर्ण उघडी होती. ती धार अजून केसभर आत गेली असती, तर बॅटरीचं पॉझिटिव्ह सरळ पत्र्याला टेकलं असतं. कारच्या बॅटरीतून अशा वेळी शेकडो अँपिअर वाहतात. काही सेकंदांत वायर लाल होते, तिचं आवरण पेटतं, आणि ते आवरण तेव्हा ताईच्या पायाखालच्या कार्पेटखाली असतं. डिकीतला फ्यूज तसाच शाबूत राहतो, त्याला काही कळतही नाही. त्या रात्री घाटात दर खड्ड्याला ती वायर त्या धारेवर घासत होती.

आम्ही दोघंही थोडा वेळ काही बोललो नाही. मग त्याने स्वतःच बॅटरीचं निगेटिव्ह काढलं. खरं तर काम सुरू करताना ते सगळ्यात आधी काढायचं असतं, मग पॉझिटिव्ह. मी मोठा असून मलाही त्या दिवशी घाईत ते सुचलं नव्हतं, हे इथे लिहून ठेवतो.

काळी डबी आली तेव्हा शिट्टी दबली होती. बेस गेला नसता तर भाचा रविवारी माझ्याकडे आला नसता.

वायर बदलली. जुनी ब्लेडने खरवडून बघितली तर वरून तांब्याचा मुलामा आणि आत पांढरं ॲल्युमिनिअम. अशी वायर स्वस्त किटमध्ये सर्रास येते. शुद्ध तांब्यापेक्षा तिचा रोध सुमारे दीडपट असतो, त्यामुळे त्याच जाडीत ती जास्त तापते. नवीन १० स्क्वेअरची तांब्याची आणली. अँपवर २०चे दोन फ्यूज, म्हणून मुख्य फ्यूज ४०चा, आणि तो बॅटरीपासून वीतभर अंतरावर. नियम १८ इंचांच्या आत असा आहे, जितका जवळ तितका बरा. भोकाला रबरी बुश, बोनेटमधल्या वायरीवर जाळीदार नळी, आणि गरम भागांपासून व हलणाऱ्या पट्ट्यापासून लांब बांधणी. हे सगळं मिळून खर्च त्या काळ्या डबीपेक्षा फार जास्त आला नाही.

शेवटी गेन. अँपवरच्या त्या खुंटीला लोक आवाजाची खुंटी समजतात आणि पूर्ण फिरवून ठेवतात. ती आवाजाची खुंटी नाही, स्टिरिओ किती व्होल्ट देणार आहे ते अँपला सांगण्याची आहे. स्टिरिओ २ व्होल्ट देत असताना गेन ०.२ वर ठेवला, तर अँप गाण्याबरोबर येणारा सगळा कचरा दहापटीने मोठा करून स्पीकरला देतो. स्टिरिओचा आवाज तीन-चतुर्थांशावर ठेवायचा, गेन अगदी कमी करून हळूहळू वाढवायचा, आणि गाणं फाटायच्या जरा अलीकडे थांबायचं. भाच्याचा गेन शेवटपर्यंत फिरवलेला होता. कमी केल्यावर उरलेली कुजबुजही गेली. स्पीकरला कान लावला तर किंचित "स्स्स" आहे. तो राहणारच, त्याच्यामागे लागू नका.

काही जण थेट अल्टरनेटरकडे बोट दाखवतात, तर त्याचीही सोपी परीक्षा आहे. इंजिन, हेडलाइट, ब्लोअर चालू ठेवून बॅटरीच्या दोन टोकांवर मीटर एसी व्होल्टवर लावायचा. ०.१च्या आत असेल तर डायोड ठीक. अर्धा व्होल्ट किंवा जास्त दिसला तर ऑटो इलेक्ट्रिशियनकडे न्या, एखादा डायोड गेलेला असू शकतो, आणि तेव्हा आवाजही शिट्टीपेक्षा जाड, गुरगुरल्यासारखा येतो. मात्र काही स्वस्त मीटर एसी रेंजवर डीसीलाही आकडा दाखवतात, तेव्हा आधी इंजिन बंद ठेवून शून्य येतं का ते बघून घ्या.

ज्यांच्या गाड्या नव्या आहेत त्यांच्यासाठी दोन सूचना. बॅटरीच्या निगेटिव्हवर छोटासा सेन्सर असेल तर अर्थ सरळ बॅटरीच्या खुंटावर घेऊ नका, सेन्सरच्या पलीकडे पत्र्यावर घ्या, नाहीतर गाडीच्या कॉम्प्युटरला बॅटरीचा हिशेब चुकीचा कळतो. आणि पिवळ्या आवरणातल्या वायरी आणि पिवळे कपलर एअरबॅगचे असतात. त्यांना मीटर, टेस्ट लॅम्प, पक्कड, कशाचाही हात लावायचा नाही. कंपनीच्या वायरी कापण्यापेक्षा तुमच्या मॉडेलचा कपलर विकत घ्या. वॉरंटीच्या वेळी वाद घालावा लागत नाही.

डबीबद्दलही एक शब्द, कारण मी तिला उगाच बदनाम केलं असं वाटायला नको. तिच्या आत दोन छोटे ट्रान्सफॉर्मर असतात. गाणं एका वेटोळ्यातून दुसऱ्यात चुंबकाने जातं, तारेने नाही, त्यामुळे वेढा तुटतो. गाभा लहान असला की खोल बेस त्याला पेलत नाही, म्हणून डग्गा हरवतो. पण फोन चार्जिंगला लावून ऑक्सच्या वायरीने गाणी ऐकणाऱ्यांना जी शिट्टी येते, तिथे वेढा चार्जर आणि ऑक्स यांच्यातच असतो. अर्थ कितीही घासली तरी तो सुटत नाही. तिथे डबी योग्यच. नाहीतर ब्लूटूथ लावा.

गेल्या महिन्यात ताईला परत पणजीला जायचं होतं, यावेळी भावोजीही होते. परतताना तोच घाट, तोच अभंग. मी सोबत नव्हतो. भाच्याचा रात्री साडेदहाला कणकुंबीहून रेंज आल्या आल्या मेसेज आला: "मम्मी झोपली. पप्पा म्हणतात आवाज अजून थोडा वाढव."

ती काळी डबी माझ्या ड्रॉवरमध्ये पडून आहे. ऑक्सवर ऐकणारं कुणी असेल तर घेऊन जा, पण येताना गाडी घेऊन या. बॅटरीपासून फ्यूज किती लांब आहे तेवढं मी बोनेट उघडून बघणार आहे.